मदत हवी आहे: बँडलिमिटेड नसलेल्या फंक्शनसाठी बर्नस्टाइन असमानता

नमस्कार मंडळी, एका ठिकाणी चार दिवस अडकलोय. बँडलिमिटेड फंक्शनचं (ज्यात एका मर्यादेपलीकडच्या फ्रीक्वेन्सी नसतातच) शॅननचं प्रमेय (१९४९), म्हणजे पुरेसे दाट सॅम्पल घेतले की फंक्शन हुबेहूब परत मिळतं, ते नीट समजलंय, पण प्रत्यक्षात येणारे सिग्नल तसे नसतातच ना, त्यामुळे त्याच्या पलीकडे काय चालतं ते बघतोय. सॅम्पलिंगचा भाग जमला, सेकंदाला W सॅम्पल घेतले तर सॅम्पलवरून f परत उभारतानाचा एरर त्याच्या फूरिए ट्रान्सफॉर्म F च्या πW पलीकडच्या शेपटीच्या इंटिग्रलच्या दुपटीपेक्षा जास्त होत नाही (रूपांतराचा गुणक आधीच आत धरलाय). e^(-|t|) वर हाताने करून पाहिलं, बाउंड साधारण 4/(π²W) आला, म्हणजे W दुप्पट केला की बाउंड निम्मा. फार छान वाटलं!

घोडं अडलंय बर्नस्टाइनपाशी. बँडलिमिटेडला ही असमानता सांगते ‖f'‖ ≤ σ‖f‖ (σ म्हणजे फ्रीक्वेन्सीची मर्यादा, ‖ ‖ म्हणजे नॉर्म, फंक्शनचा आकार). बाकीच्यांसाठी f चे दोन तुकडे केले, σ च्या आतला आणि बाहेरचा, तर L² नॉर्ममध्ये (वर्गाच्या इंटिग्रलवरून मोजलेला आकार) फक्त शेपटीची एक टर्म वाढते, सरळ आहे. पण सुप नॉर्ममध्ये (|f| ची सगळ्यात मोठी किंमत) माझी जास्तीची टर्म येते 2∫|v||F(v)|dv, |v| ≥ σ वर, आणि त्याच e^(-|t|) ला F हा 1/(1+v²) सारखा असल्यामुळे हे इंटिग्रल लॉगने अनंतात जातं, खरंतर f' कुठेही 1 च्या वर जात नाही! म्हणजे असमानता खरी पण निरुपयोगी.

धारदार कटऐवजी द ला व्हाले पूसँसारखा गुळगुळीत कट (फ्रीक्वेन्सी एकदम न तोडता हळूहळू शून्यावर नेणारा) घेतला तर हे सुटेल का? आणि मग पहिल्या टर्मपुढचा σ तसाच राहतो की कॉन्स्टंट वाढतो? कुणी हे केलं असेल तर पहिली पायरी तरी सांगा प्लीज, पुढचं मी करतो.