मदत हवी आहे: दोन्ही बाजूंना भिंत नसलेला हॉल, ५.१ होम थिएटर – पाइप कुठून टाकू?

ओसरीकर

पुण्यात नव्या फ्लॅटचं आतलं काम चालू आहे. फॉल्स सीलिंगचा सांगाडा लागलाय, बोर्ड लागायचेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "काय पाइप टाकायचे ते शनिवारपर्यंत सांगा, नंतर मला बोलावू नका." म्हणून घाईत विचारतोय.

हॉल १७ बाय ११ फूट. टीव्ही १७ फुटी भिंतीवर, सोफा बरोबर समोरच्या भिंतीला. सोफ्यावर बसलं की उजव्या हाताला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, डावीकडे सलग डायनिंग. म्हणजे बाजूचे स्पीकर लावायला भिंतच नाही. फॉल्स सीलिंग धरून उंची साडेआठ फूट, त्याच्या वर ६ इंचांची पोकळी. फरशी व्हिट्रिफाइड, बसवून झालेली.

प्रश्न असे:
१. टीव्ही ५५ इंची घ्यायचं ठरत होतं, दुकानदार ६५ म्हणतोय. तो त्याच्या फायद्याचं बोलतोय का?
२. अशा हॉलमध्ये ५.१ (पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) जमेल, की मुकाट्याने साउंडबार घ्यावा?
३. पाइप किती, कुठून, किती मिलिमीटरचे? वायर कोणती?
४. सबवूफर कुठे ठेवू? खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं.

टीव्ही सोडून बजेट एक लाख. ओटीटीवर सिनेमे आणि मालिका, डीटीएचवर क्रिकेट. गेमिंग नाही.

तारतम्य

दोन गोष्टी आधी सांगा. भिंती ब्लॉकच्या आहेत की मायव्हनच्या (साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या)? आणि सोफा भिंतीपासून पुढे घेता येईल का?

ओसरीकर

बिल्डिंग मायव्हनची, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. टीव्हीच्या भिंतीवर प्लायचं पॅनेलिंग होणार आहे. सोफा फूटभर पुढे आणायला घरच्यांची परवानगी मिळेल, त्याहून जास्त नाही.

तारतम्य

मग पहिली सूचना: मागच्या भिंतीत कोणालाही झिरी मारू देऊ नका. मायव्हनची भिंत भार पेलणारी असते, आत सळईची जाळी असते. "साहेब, वरच्यावर मारतो" म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

आता मापं. सोफा फूटभर पुढे आला की डोकं मागच्या भिंतीपासून साधारण २ फुटांवर येतं. पॅनेलिंग आणि टीव्हीची जाडी वजा केली की डोळे ते पडदा साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच. ४के टीव्हीसाठी तिरक्या मापाच्या १.२ ते १.६ पट अंतर चांगलं धरतात. ५५ इंचीला ते ६६ ते ८८ इंच येतं, तुम्ही त्याच्या बाहेर बसताय. ६५ इंचीला ७८ ते १०४. दुकानदार बरोबर बोलतोय.

६५ इंची टीव्ही ५७ इंच रुंद आणि ३२ इंच उंच असतो. त्याचा मध्य जमिनीपासून ४२ इंचांवर ठेवा, म्हणजे खालची कड २६ इंचांवर येईल. खालचं युनिट १८ इंचांपेक्षा उंच करू नका. उरलेल्या ८ इंचांत सेंटर स्पीकर बसवायचाय. सुताराला हे आत्ताच लिहून द्या. नाहीतर तो २४ इंची युनिट करतो, मग टीव्ही वर सरकतो आणि मान दुखते.

पुढचे डावा-उजवा: तुमच्या डोक्यापासून मधल्या रेषेच्या दोन्हीकडे २२ ते ३० अंशांत हवेत. साडेआठ फुटांवर याचा अर्थ मध्यापासून साडेतीन ते पाच फूट. ६ फुटी युनिटवर दोन्ही ठेवले तर फार जवळ येतात आणि आवाज टीव्हीच्या आतूनच आल्यासारखा वाटतो. युनिटच्या बाहेर स्टँडवर ठेवा, दोघांत ८ फूट अंतर. ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाइतका उंच, साधारण ३८ इंच.

मागचे दोन, ज्यांच्यासाठी तुम्ही अडलात: ५.१ मध्ये ते १०० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे कानाच्या किंचित मागे. त्याला बाजूची भिंत लागतेच असं नाही. सोफ्याचा मध्य धरून मागच्या भिंतीवर दोन्हीकडे ५ फुटांवर लावा. डोकं भिंतीपासून २ फूट पुढे असल्याने कोन ११२ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे नेमका हवा तिथे. उंची पाच फूट, तोंड सोफ्याकडे वळवलेलं. सोफा भिंतीला चिकटवून डोकं फूटभरच पुढे राहिलं तरी कोन १०१ येतो, पण मागच्या भिंतीचा खर्ज अंगावर येतो. त्याबद्दल इथले जाणकार बोलतीलच.

एक डायनिंगकडच्या कोपऱ्यात आणि एक बाल्कनीच्या दाराशी असा विषम जुगाड मात्र करू नका. अंतराचा फरक रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) भरून काढतो, कोनाचा नाही.

पाइप: रिसीव्हर युनिटमध्ये राहील असं धरतो. तिथून पॅनेलिंगच्या मागून वर, फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून पलीकडे आणि मागच्या भिंतीवर साडेतीन फूट खाली. भिंतीवरच्या त्या तुकड्याला पीव्हीसी केसिंग पट्टी लावून भिंतीच्याच रंगात रंगवा. लांबी प्रत्येकी नऊ मीटरच्या आत बसते, १० मीटर वायर घ्या. दोघांसाठी २५ मिमीचे वेगळे पाइप. रिसीव्हर ते टीव्ही ४० मिमी, कारण एचडीएमआयचं डोकं २१ मिमी रुंद असतं आणि २५ मिमीच्या पाइपात वळणावर अडकतं. एल्बो नको, लांब बेंड लावा. प्रत्येक पाइपात ओढायला नायलॉनची दोरी सोडून ठेवा. विजेची वायर या पाइपात एकसुद्धा जाता कामा नये.

वायर १.५ चौरस मिमी शुद्ध तांब्याची. हिशोब सांगतो: किलोमीटरला साधारण १२ ओहम, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.२४ ओहम. ६ ओहमच्या स्पीकरला ५ टक्के, म्हणजे ०.३ पर्यंत चालतं. २.५ ची टाकली तर निश्चिंत, पण गरज नाही. बाजारात "ओएफसी" (ऑक्सिजनमुक्त तांबं) छापून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास विकतात. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी दिसली तर परत करा.

सांजवेळ

एवढा खटाटोप? ओटीटी आणि क्रिकेटसाठी चांगला साउंडबार आणि सब पुरे होतो. हॉल आहे की थिएटर? घरच्यांना स्टँड, वायरी, पट्ट्या खपत नाहीत.

तारतम्य

@सांजवेळ, मुद्दा मान्य, पण याच हॉलला लागू नाही. मागे स्पीकर नसलेले बार भोवतालचा आवाज बाजूच्या भिंतींवर आपटवून तयार करतात. इथे एका बाजूला डायनिंग आणि दुसरीकडे काच आहे. डावीकडचा आवाज जाईल तो परत येणारच नाही. बारच घ्यायचा तर मागचे वेगळे स्पीकर असलेला घ्यावा. त्यांतल्या बहुतेकांना वायर नसली तरी विजेचा प्लग लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. त्यामुळे ओसरीकर, काहीही ठरलं तरी सोफ्यामागे दोन पॉइंट काढून ठेवाच.

खर्ज

सबवूफरचं मी सांगतो.

बंद खोली असती तर १७ फुटांच्या दिशेला ३३ हर्ट्झला आणि ११ फुटांच्या दिशेला ५१ हर्ट्झला लाटा उभ्या राहिल्या असत्या. तुमची एक बाजू उघडी असल्याने लांबीचा आकडा तंतोतंत खरा ठरणार नाही, ११ फुटांचा मात्र ठरेल, कारण त्या दिशेला समोरासमोर दोन पक्क्या काँक्रीटच्या भिंती आहेत. भिंतीलगत या लाटेचा जोर सर्वांत जास्त असतो, मध्यावर जवळजवळ शून्य. सोफा भिंतीला चिकटला की ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगून घुमतो आणि लोक सबला दोष देतात. तो फूटभर पुढे आणणं कुठल्याही महागड्या वायरीपेक्षा उपयोगी आहे.

जागा आधीच ठरवू नका. सब तात्पुरता सोफ्यावर, तुमचं डोकं असतं तिथे ठेवा, बास गिटारचं एकसुरी गाणं लावा आणि टीव्हीच्या भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात ती जागा. दिसायला हास्यास्पद, पण काम करतं. म्हणून पाइप दोन टाका: टीव्हीच्या भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक. सब कुठे बसेल ते नंतर ठरेल.

खालच्या जोडप्याबद्दल: सबखाली रबराची किंवा फोमची गादी ठेवली की फरशीतून जाणारं कंपन कमी होतं. हवेतून जाणारा खर्ज मात्र थांबत नाही, स्लॅब त्याला अडवत नाही. रात्री १० नंतर रिसीव्हरमधला नाइट मोड लावा, सबची पातळी ५-६ डेसिबलने उतरवा. नियमाने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. सिनेमातल्या एका स्फोटात ती ओलांडली जाते.

बजेटची वाटणी माझ्या मते: रिसीव्हर ४०, पुढचे तीन स्पीकर ३५, सब २०, मागचे दोन उरलेल्यात. पुढचे तीन एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर पात्र पडद्यावर चालत गेलं की त्याचा आवाज बदलतो.

ओसरीकर

हे सोनं आहे. शनिवार गाठला जाईल. अ‍ॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज येणारी डॉल्बीची पद्धत) छतात स्पीकर आत्ता घ्यायची ऐपत नाही. जागा सोडून ठेवू का?

चौथा_मजला

सोडा. बोर्ड लागल्यावर वायर टाकायला छत फोडावं लागतं. ५.१.२ साठी (५.१ अधिक छतातले दोन) दोन स्पीकर डोक्याच्या जवळजवळ वर, किंचित पुढे. कान ते छत तुमच्याकडे ६४ इंच आहे. ८० अंशांसाठी डोक्यापासून ११ इंच पुढची रेषा धरा आणि दोघांत पुढच्या स्पीकरांइतकंच अंतर. तिथे पंखा, झुंबर किंवा सांगाड्याची पट्टी येत नाही ना, हे सांगाडा उघडा असतानाच बघा. साडेसहा इंची स्पीकरला सव्वाआठ-साडेआठ इंचांचं भोक आणि ४ इंच खोली लागते, तुमची ६ इंचांची पोकळी पुरते. जागेचे मोजमापासह फोटो काढून ठेवा, वायरीचं मीटरभर वेटोळं आत सोडा. आणि रिसीव्हर सात चॅनेलचा घ्या, पाचचा नको.

जोडणी: डीटीएच बॉक्स टीव्हीला लावा. टीव्हीच्या ज्या एकाच एचडीएमआय पोर्टवर "ई-एआरसी" (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी सोय) लिहिलेलं असतं तिथून एक केबल रिसीव्हरच्या आउटला. टीव्हीत आवाजाचं आउटपुट "पास-थ्रू" (आवाज जसाच्या तसा पुढे) आणि सीईसी (एका रिमोटवर दोन्ही चालवायची सोय) चालू. सीईसीला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते: सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ओटीटीचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, ते साध्या एआरसीतूनही जातं. ई-एआरसी खरंच लागतं ते ब्लू-रेच्या ट्रूएचडीला. काही टीव्ही डीटीएस (डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा प्रकार) पुढे पाठवत नाहीत. पेनड्राइव्हवरच्या फाइलला आवाज आला नाही तर आधी हे तपासा.

रिसीव्हरचा माइक कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर, सोफ्याच्या पाठीवर टेकवून नाही. पंखा आणि एसी बंद, सबचं व्हॉल्यूम अर्ध्यावर, सबचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) पूर्ण वर. मोजणी झाल्यावर मेनू उघडा: पुढचे स्पीकर "लार्ज" झालेले असतील तर "स्मॉल" करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा चार-पाच फूट जास्त दाखवेल. ते बदलू नका, सबच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो. संवाद दबले वाटले तर फक्त सेंटर २-३ डेसिबल वाढवा.

आणि खोलीच्या मध्यावर एकदा टाळी वाजवा. टणटण असा शेपटीसारखा आवाज आला तर सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा, काचेच्या दाराला जाड पडदा. अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम भिंतीला चिकटवू नका, खर्जावर त्याचा काही परिणाम होत नाही आणि हॉल स्टुडिओसारखा दिसतो तो वेगळाच.

ओसरीकर

सगळं बसलं. मंडळींचे आभार. पण सबमधून सतत "हम्म्" येतंय, काही चालू नसतानाही. सब बाल्कनीकडच्या कोपऱ्यात, त्याच्या जवळच्या सॉकेटवर आहे.

तारतम्य

सबमागची सिग्नलची केबल काढा. हम्म् चालूच राहिला तर सबचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय, वॉरंटीत द्या. थांबला तर केबल परत लावा आणि डीटीएच बॉक्समागची डिशची वायर काढून बघा. त्याने थांबला तर अर्थिंगचं वेटोळं आहे: डिशची पट्टी रेलिंगला लागून एकीकडे अर्थ होते, रिसीव्हर आणि सब दुसरीकडे. केबल टीव्हीचा साधा आयसोलेटर इथे लावू नका. तो डीसी अडवतो, आणि डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज त्याच वायरीतून जाते. डिश लावणाऱ्याला पट्टी आणि रेलिंग यांच्यात रबर घालायला सांगा.

डिशची वायर काढूनही हम्म् तसाच असेल तर सब रिसीव्हरच्याच बोर्डवर आणा. लांब पडत असेल तर तीन पिनांची एक्स्टेन्शन वापरा, मोठी पिन कापून दोन पिनांवर चालवू नका. हम्म् जाईल, पण बिघाड झाला तर बॉडीत करंट उतरेल.

ओसरीकर

डिशचीच वायर निघाली. रबर घातलं, आवाज गेला. आता इन्व्हर्टरवर चालवताना किरकिर येते, ते का?

चौथा_मजला

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. प्युअर साइन वेव्हचा नसेल तर लाइट गेल्यावर रिसीव्हर त्यावर लावू नका. टीव्ही स्वतःच्या स्पीकरवर चालवा.