मदत हवी आहे: नॉर्थ कोस्ट 500, मोटरहोम, जून. फक्त मुक्काम सुचवा

लिंबूटिंबू
जूनमध्ये स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा नॉर्थ कोस्ट 500 हा रस्ता करायचा आहे. इनव्हर्नेसहून निघून परत इनव्हर्नेस. सहा जण, सहा दिवस. सहा बर्थची मोटरहोम (आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) पाहून ठेवलीय, आज रात्रीपर्यंत अ‍ॅडव्हान्स भरायचाय. रोज कुठे थांबायचं तेवढं सांगा. गूगल करून झालंय, तिथे दहा जण दहा गोष्टी सांगतात.

चौकस
इथे वीस सांगतील. आधी हे सांगा: गाडीची लांबी? बेल्ट असलेल्या सीट किती? मुलांची वयं? चालवणाऱ्याचं लायसन्स कुठलं?

लिंबूटिंबू
लांबी नेहमीची असते तेवढी. सहा बर्थ म्हणजे बेल्टही सहाच असणार ना? आम्ही दोघं, आईबाबा, मुलं 6 आणि 9. लायसन्स भारताचं, सप्टेंबरमध्ये इथे ब्रिटनमध्ये आलो. मुक्कामांचं सांगा ना कोणीतरी.

गिअरबॉक्स
बेल्टचं गृहीत धरू नका. सहा जण झोपतील अशा बऱ्याच गाड्यांत बेल्ट चार किंवा पाचच असतात. शिवाय 12 वर्षं किंवा 135 सेंमी, यांतलं जे आधी होईल तोवर मुलांना चाइल्ड सीट लागते, आणि आडव्या, म्हणजे बाजूला तोंड असलेल्या सीटवर ती बसत नाही.

लायसन्स: वास्तव्य सुरू झाल्यापासून 12 महिने भारतीय लायसन्स चालतं, म्हणजे जूनमध्ये कायद्याने अडचण नाही. पण भाड्याच्या गाडीच्या विम्याला ते चालतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं वजन. बी वर्गाच्या (साध्या कारच्या) लायसन्सवर गाडी माणसं-सामानासकट 3,500 किलोच्या आत हवी. समजा तयार गाडी 3,050 किलोची, त्यात ड्रायव्हर आणि डिझेल धरलेलं असतं. उरले 450. बाकीचे पाच जण साधारण 265. मग 185 किलोत सहा जणांच्या बॅगा, किराणा, चाइल्ड सीट, खुर्च्या. बऱ्याच गाड्यांच्या हिशेबात पाणी जेमतेम 20 लिटर धरलेलं असतं. 100 लिटरची टाकी काठोकाठ भरलीत की 80 किलो तिथेच गेले. चालताना टाकीत 25-30 लिटर ठेवा, बाकी कॅम्पसाइटवर पोचल्यावर भरा.

भटकभवानी
एवढा हिशेब कशाला! साधी कार घ्या, बी अँड बीमध्ये राहा. मोटरहोममध्ये निम्मा वेळ संडासाची पेटी रिकामी करण्यातच जातो.

लिंबूटिंबू
प्रश्न मोटरहोमचा आहे.

खारा वारा
मुक्काम घ्या. दिशा घड्याळाच्या उलट ठेवा. पूर्वेकडचा ए9 रस्ता दुपदरी आणि सोपा, नवख्या माणसाचा हात पहिल्याच दिवशी बसतो. बेरिडेलचं ते कुप्रसिद्ध वळणही 2020 मध्ये काढून टाकलंय.
पहिली रात्र डनेट बे. मोठा टप्पा आहे, 130 मैलांच्या आसपास, सकाळी लवकर निघा.
दुसरी डरनेस, सांगो सँड्स. लॉक एरिबोल या खाडीला वळसा घालणारा ए838 एकपदरी आहे (एका वेळी एकच गाडी मावते), ताशी 25-30 मैलच धरा. साइट कड्यावर आहे, गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावा आणि ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) रात्री उघडी ठेवू नका, काच फोडेल.
तिसरी अलापूल. किराणा आणि डिझेल तिथेच भरून घ्या.
चौथी गेअरलॉक, पाचवी शील्डेग. सहाव्या दिवशी लॉककॅरनवरून परत.

चौकस
तिसरी रात्र अलापूलऐवजी क्लॅखटोल. वाळू बघाच.

गिअरबॉक्स
क्लॅखटोल बी869 वर आहे. लॉकिन्व्हरच्या बाजूने जा आणि त्याच बाजूने परत या. डरनेसहून येताना काइलस्क्यूचा पूल ओलांडल्यावर उजवीकडे ड्रमबेगचा फाटा 'जवळचा' दिसतो, नेव्हिगेशनही तिकडेच ढकलतं. तिथे 25 टक्के चढ आणि आंधळी वळणं आहेत. समोरून दुसरी मोटरहोम आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि मागे कारची रांग असते.

सह्याद्रीपुत्र
आणि बेअलाख ना बाचा घाट सोडलात? 626 मीटर! सगळ्या वारीचा कळस तोच. ताम्हिणी, वरंधा केलेल्या माणसाला काय त्याचं!

गिअरबॉक्स
वरंध्यात निदान समोरच्या एसटीला जागा देता येते. घाटाच्या पायथ्याला टोर्नाप्रेसला पाटीच आहे की फार मोठ्या गाड्या आणि कॅरॅव्हॅन नकोत. मोठ्या गाडीला हेअरपिन एका फटक्यात घेता येत नाही, मागची लोंबती बाजू रस्त्याला घासते. अ‍ॅपलक्रॉस पाहायचंच तर शील्डेगकडून किनाऱ्याचा रस्ता आहे, तोही एकपदरी.

सह्याद्रीपुत्र
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मुक्तछंद
साइटचे पैसे का घालवता? स्कॉटलंडमध्ये कुठेही राहायची मुभा आहे.

खारा वारा
ती मुभा 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्याची, तंबूवाल्यांना. मोटार गाडीला नाही. आणि पासिंग प्लेसमध्ये (एकपदरी रस्त्यावर दुसऱ्या गाडीला वाट द्यायच्या जागेत) रात्र काढणारे तर महान! पासिंग प्लेस डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा. मागून स्थानिक माणूस आला तर त्यालाही पुढे जाऊ द्या.

घरचा_चहा
स्वयंपाकाचं कोणी बोललंच नाही. साइटवर 10 अँपिअरची वीज मिळाली तर 2,300 वॉट हातात. घरची किटली आणि हीटर एकदम लावले की खटका पडला. 1,000 वॉटची किटली न्या. मिक्सर नको, वाटण घरून करून न्या. कुकर तीन लिटरचा, गॅसवर, आणि छताची खिडकी उघडी, नाहीतर रात्रभर भिंतींना घाम. निघताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.
संडासाची पेटी 17-18 लिटरची. आपल्याकडे पाणी वापरतात, त्यात सहा माणसं, ती रोज रिकामी करावी लागणार, आणि तीसुद्धा साइटवरच्या ठरलेल्या जागीच. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर गुडगुड करून बुटांवर येतं.

भटकभवानी
मी तेच म्हणत होते.

घरचा_चहा
मिज (चावरी चिलटं) विसरू नका. वारा पडला आणि ढग आले की संध्याकाळी ढगासारखे येतात. किडे दूर ठेवणारं पिकारिडिनवालं मलम, डोक्यावरून घ्यायची जाळी, आणि आतला दिवा लावायच्या आधी दार बंद. मुलांसाठी खिडक्यांचे पडदे नीट बसतात का पाहा, डरनेसला जूनमध्ये सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो.

लिंबूटिंबू
कंपनीला फोन केला. लांबी 7.2 मीटर, बेल्ट पाच. अ‍ॅडव्हान्स भरला नाही. चार बेल्टची सहा मीटरची गाडी घेतली आणि आईबाबा भाड्याच्या कारने आले तर? कार भाऊ चालवेल, तो लंडनहून येतोय.

गिअरबॉक्स
उत्तम. वजनाचा प्रश्न सुटला, पेटीही रोज नाही भरणार. शील्डेगला मोटरहोम साइटवर ठेवा आणि कारने बेअलाख करून या. आईबाबांसाठी डरनेस आणि शील्डेगच्या खोल्या आजच बघा, तिथे घरं मोजकी आहेत.

सह्याद्रीपुत्र
बघा, बेअलाख आला की नाही!

कोकणस्थ_नसलेला
अवांतर: अशी गाडी रत्नागिरी-मालवणसाठी भाड्याने मिळते का? वेगळा धागा काढू का?

चौकस
काढा. आणि लांबी, बेल्ट, माणसं किती, ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.