प्रतिसाद: कीड लागत नाही, तरी काळजी हवीच
वडिलांच्या डेंटल इम्प्लांटबद्दल (जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात) तुम्ही ‘टायटेनियमला कीड लागत नाही, आता चिंता मिटली’ असं वर लिहिलंय. कीड लागत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी आणि हाड आपलंच असतं. शिवाय नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती असतात ते तंतू इम्प्लांटला नसतात, त्यामुळे बिघाड बराच वाढेपर्यंत बहुधा दुखतही नाही. ब्रश करताना रक्त आलं की लगेच दाखवा.

आईची खालची दाढ इथे इंदूरलाच बसवली. पहिले 24 तास जोरात चूळ नाही, स्ट्रॉ नाही. मग कोमट मीठपाणी. एवढं तिने निमूट पाळलं. अडलं शेवेवर! शेवेविना पोहे म्हणजे इंदुरात शिक्षाच, पण तिचा चुरा नेमका टाक्यांत जाऊन बसतो. त्यामुळे मऊ पोहे, गार करून, दुसऱ्या बाजूने. हाडाने स्क्रू पक्का धरायला साधारण 3 ते 6 महिने जातात.

स्क्रूवर कॅप, म्हणजे वरचा कृत्रिम दात, बसल्यावर तिच्या बुडाशी, हिरडीलगत अन्न अडकतं. तिथे फटीत जाणारा बारीक ब्रश रोज रात्री फिरवायचा, त्याची तार प्लास्टिकने मढवलेली बघून घ्या. टूथपिक नको.

तुमच्या वडिलांना शुगर आहे आणि तंबाखूही चालू आहे म्हणता, तर दर सहा महिन्यांची तपासणी त्यांनी अजिबात चुकवू नये. तंबाखूबद्दल त्यांच्याशी बोलाच.