मदत हवी आहे: पावसाळ्यात झेब्रा फिंचचा दाणा कसा टिकवता?

नमस्कार मंडळी. मालवण-वेंगुर्ल्याकडे कोणी झेब्रा फिंच पाळतं का? पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळांवरचा, गवताचं बी खाणारा, जेमतेम 12 ग्रॅमचा. आमच्याकडे आषाढात भिंतींनासुद्धा ओल येते! राळा डब्यात घट्ट झाकूनही कुबट वास मारतो, दाण्याला दाणा चिकटतो. वाळवायला ऊन आहे कुठे? तव्यावर किंचित शेकून दिला तर चालेल, की सत्त्व जाईल? नर तर टाकलेल्या टरफलांतच चोच घालत बसतो.

दुसरं, किनाऱ्यावर मिळालेला समुद्रफेन (माकुलाच्या अंगातलं पांढरं हाड, पक्ष्यांना कॅल्शियमसाठी देतात ते) पिंजऱ्यात लावण्याआधी किती दिवस गोड्या पाण्यात ठेवावा? त्यांच्या मुलखात पाऊस झाला की वीण सुरू होते; इथेही मादी काथ्या ओढायला लागलीय, म्हणून घाई. दुकानदाराचा सल्ला नको, तो बाटलीच विकतो.