मदत हवी आहे : निसर्गचित्रांतले निवांत खेडे आणि न दिसणारे श्रम

नमस्कार. दादरच्या आमच्या वाचक-गटात युरोपीय निसर्गचित्रांतील सुखी खेड्याविषयी मला बोलायचे आहे, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील, इंग्रज चित्रकार गेन्सबरोच्या ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ या १७५० च्या सुमारच्या चित्रात जमीनदार दांपत्य ओकच्या झाडाखाली निवांत आहे आणि शेजारच्या शेतात धान्याच्या पेंढ्या नीट बांधून उभ्या आहेत, पण त्या बांधणारा एकही मजूर दिसत नाही, हे मला फार खुपते. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ (गवताची गाडी) या चित्रामध्ये (१८२१) गाडीवान आहेत, दूरवर गवत कापणारेही आहेत, मात्र इतके इवलेसे, की त्यांचे कष्ट जाणवतच नाहीत. चित्र विलक्षण सुंदर आहे, म्हणूनच हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतल्या निसर्गचित्रकारांनी राबणारा शेतकरी ठळकपणे रंगवला आहे का, आणि कोणाची चित्रे पाहावीत? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहात अशी युरोपीय ग्रामीण चित्रे सध्या पाहायला मिळतात का? या विषयावरचे मराठी लेखनही कृपया सुचवावे.