गर्दीच्या स्मरणचित्रात माणसं तरंगतात, काय करावं?

कुंचला (सांगली):
इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राच्या (आठवणीतून काढायच्या चित्राच्या) सरावाला ‘नदीकाठची जत्रा’ दिलीय. क्वार्टर इंपिरियल (१५ × ११ इंच) कागद, आडवा. मुलं सगळी माणसं खालच्या कडेला रांगेत उभी करतात. वर सरकवायला सांगितलं तर ती हवेत तरंगतात. जुने डच चित्रकार बर्फावर एवढी गर्दी पसरतात, पण एकही माणूस तरंगत नाही. हे गणित कसं बसवायचं?

घाटपायरी:
सर, डच चित्रकार आव्हेरकाम्पचं साधारण १६०८चं हिवाळ्याचं चित्र दाखवा, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूजियममधलं. क्षितिज बरंच वर, खाली गोठलेलं पाणी आणि त्यावर सगळं गाव.

तुमच्या ११ इंच उंचीच्या कागदावर क्षितिज तळापासून ८ इंचांवर आखा. क्षितिजापासून माणसाच्या पायापर्यंत जे अंतर, त्याच्या एक तृतीयांश त्याची उंची. पाय ६ इंच खाली असतील तर माणूस २ इंचांचा, ३ इंच खाली तर १ इंचाचा, दीड इंच खाली तर अर्ध्या इंचाचा. पोरं पाय वर सरकवतात आणि उंची तीच ठेवतात, तिथंच बिघडतं. या मापात बघणाऱ्याचा डोळा तीन पुरुष उंचीवर, म्हणजे अंदाजे १६ फुटांवर येतो. घाटाच्या वरच्या पायरीवरून खालचं वाळवंट दिसावं तसं. कुणाचं डोकं क्षितिजावर गेलं की माप चुकलं समजा, झाडावर चढलेलं पोरगं सोडून! हा हिशेब सपाट जमिनीचा आहे, पायऱ्यांवरच्या माणसांना लावू नका.

रंगडबी:
माप बरोबर असूनही पायाशी आडवी सावली नसली तर माणूस तरंगतोच. लांबच्या माणसांना निव्वळ काळा किंवा लाल देऊ नका, पांढरा आणि किंचित निळा मिसळा. नाक-डोळे नकोत; फेट्याचा ठिपका, अंगाचा एक फटकारा, बास. पोस्टर कलरची गडद छटा वाळली की फिकी पडते, म्हणून आधी कपट्यावर लावून बघा. खालचा थर ओला असताना वर लावलात तर चिखल होतो.

दुसरी खोड म्हणजे सगळे चेहरे समोर, फोटोला उभे राहिल्यासारखे. निम्मे तरी पाठमोरे किंवा बाजूनं हवेत.

सागरगोटा:
खेळांसाठी ब्रूगेलचं १५६०चं ‘मुलांचे खेळ’ बघा, व्हिएन्नात आहे. तो फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडचा) चित्रकार आणि आव्हेरकाम्पच्या आधीचा, पण कामाचा. ८०च्या वर खेळ आहेत. डावीकडे खालच्या कोपऱ्यात दोघी हाडकांनी चक्क सागरगोटे खेळताहेत! मुलांनी मात्र एवढा पसारा मांडू नये. पाच-सहा घोळके पुरेत, मध्ये मोकळी जमीन दिसू द्या.

कुंचला (सांगली):
आणि क्षितिज पलीकडच्या झाडीमागं लपलं तर?

घाटपायरी:
तरी पेन्सिलीनं हलकी रेघ आखूनच ठेवा. झाडी तिच्या वर जाऊ दे, माप मात्र रेघेपासूनच घ्यायचं. झाडांच्या शेंड्यांपासून मोजलं तर मागची माणसं राक्षस होतात.