शब्दचर्चा: 'व्हेन वी वेअर अलोन'मधला 'वी' म्हणजे आम्ही की आपण?

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत ३० सप्टेंबरच्या आठवड्यात मुलांना एक चित्रपुस्तक मराठीतून वाचून दाखवायचं आहे. इथे कॅनडात त्या दिवशी मुलं नारिंगी शर्ट घालतात. इथल्या मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं शंभराहून अधिक वर्षं घरांतून नेऊन निवासी शाळांत ठेवली गेली, त्यांच्या आठवणीसाठी. त्यातल्या शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे ज्यांनी ते सोसलं त्यातले कितीतरी आज आजीआजोबा आहेत.

पुस्तक आहे डेव्हिड रॉबर्टसन यांचं 'व्हेन वी वेअर अलोन' (२०१६). चित्रं ज्युली फ्लेट यांची. २०१७ साली त्याला कॅनडाचा गव्हर्नर जनरल साहित्य पुरस्कार मिळाला. क्री या मूळ रहिवासी समाजातल्या आजीला नात बागेत विचारते: तू इतके रंगीत कपडे का घालतेस? केस एवढे लांब का? आजी सांगते की दूरच्या शाळेत सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे होते, केस कापले, आपली भाषा बोलायची बंदी होती. पण कुणी बघत नसेल तेव्हा मुलं रंगीत पानं अंगावर घ्यायची आणि कापलेल्या केसांत गवत गुंफून वेण्या घालायची.

अडलंय ते असं. नावाचं मराठी काय करू? 'आम्ही एकटे असताना' कानाला खटकतं, कारण ती मुलं एकत्र होती. शिवाय अशा पुस्तकांबद्दल बोलताना इथले शिक्षक दोन शब्द सतत वापरतात, 'बिलाँगिंग' (आपण इथले आहोत असं वाटणं) आणि 'रेझिलिअन्स' (घाव बसूनही पुन्हा उभं राहणं). त्यांना काय म्हणाल?

प्रतिसाद १

ताई, 'एकटे' नकोच. 'आमचे आम्ही असताना' म्हणा. 'आमचे आम्ही' म्हटलं की परकं कुणी नाही आणि आत सगळे आहेत, हे दोन्ही येतं.

'बिलाँगिंग'ला 'आपलेपणा' चालेल. 'आपुलकी' नको, ती दुसऱ्याबद्दल वाटते. पाहुण्याशी आपुलकीने वागतात, पण त्याला त्या घरात आपलेपणा वाटेल की नाही ते वेगळं.

प्रतिसाद २

क्री थोडी शिकले आहे म्हणून लिहिते. त्या भाषेत नुसतं 'आजी' म्हणताच येत नाही. 'नोहकुम' म्हणजे माझी आजी, 'कोहकुम' म्हणजे तुझी आजी. नाती आणि शरीराचे अवयव यांना कुणाचं तरी असावंच लागतं. (बोलताना तो उच्चार आपल्या कोकमाच्या इतका जवळ जातो की कोकणातल्या माणसाला चटकन लक्षात राहावा.)

आणि मराठीसारखंच क्रीतही 'वी'ला दोन शब्द आहेत. मैदानी क्री या बोलीत 'नियनान' म्हणजे आम्ही, समोरच्याला वगळून. 'कियानव' म्हणजे आपण, त्याला धरून. इंग्रजीत हा भेद पुसला जातो, मराठीत तो परत आणता येतो! मला तर वाटतं, मराठी अनुवाद या जागी मुळाच्या इंग्रजीपेक्षा क्रीच्या जवळ जाऊ शकतो. 'आपलेपणा' हा शब्दही त्या 'आपण'च्याच घरातला आहे.

प्रतिसाद ३

'रेझिलिअन्स'साठी मला आधी लव्हाळं सुचलं: 'महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वांचती'.

प्रतिसाद ४

तुकोबांची ती ओळ 'लहानपण देगा देवा'मधली आहे, तिथे मुद्दा नम्रतेचा आहे. लव्हाळं पुरापुढे वाकतं. ही मुलं बघणाऱ्यांपुढे वाकली असतील, पण पाठ फिरताच त्यांनी गवताच्या वेण्या घातल्या. 'सोशिकपणा' तर मुळीच नको. आपल्याकडे बायकांचं आणि गरिबांचं कौतुक करताना तो फार वापरला जातो, आणि सोसायला लावणारा त्यात कुठेच दिसत नाही. 'चिवटपणा' बरा. 'तग धरली' त्याहून बरं, निदान दुष्काळ तरी आठवतो.

माझ्या शेतातला शब्द सांगू? फुटवा. ऊस तोडल्यावर बुडख्यातून जे नवे कोंब येतात तो फुटवा. कोयता चालला हे तो शब्द लपवत नाही, आणि मुळं जमिनीतच होती हेही सांगतो. कापलेल्या केसांच्या गोष्टीत तो बसेल असं वाटतं.

प्रतिसाद ५

गोष्टीतल्या त्या मूळ रहिवाशांना काय म्हणणार, तेही ठरवा. जुन्या मराठी पुस्तकांतला 'रेड इंडियन' नको. 'आदिवासी' म्हटलं की आपल्या मुलांसमोर वारली, भिल्ल, कातकरी येतात. 'मूलनिवासी'ला आपल्याकडे वेगळा राजकीय अर्थ आहे. सरळ 'क्री' म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'क्री' आणि 'आमचे आम्ही असताना' नक्की. 'फुटवा' गोष्टीत घालणार नाही, कारण आजी तिथे नुसत्या कृती सांगते, त्यांना नाव देत नाही. पण वाचून झाल्यावर मुलांशी बोलताना तोच शब्द वापरीन.

काल घरी लेकाला वाचून पाहिलं. 'आमचे आम्ही' ऐकून त्याने विचारलं, "म्हणजे नात त्यात नाही?" नाही, म्हटलं, ती तेव्हा जन्मली नव्हती. "पण बागेत तर दोघी आहेत." आजी-नात बागेत काम करतात ती पानं मी सरसकट 'आम्ही'ने रंगवली होती, ते त्याने पकडलं. आता शाळेच्या पानांवर 'आम्ही' आणि बागेच्या पानांवर 'आपण' असं पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.